खरखर तबकडीतली, घरघर भिंतीतली

रेकॉर्ड लावली की गाण्याबरोबर तीन आगंतुक आवाज ऐकू येतात. एक ‘टिक’, ठरावीक जागी, दर फेरीला. दुसरी खरखर, गरम तेलात मोहरी तडतडावी तशी, सगळ्या बाजूभर पसरलेली. आणि तिसरी घरघर. ही सुई टेकायच्या आधीच, नुसता अँप्लिफायर मोठा केला तरी येते. पहिले दोन आवाज तबकडीत राहतात, तिसरा भिंतीतल्या प्लगकडून येतो. पत्ते वेगळे म्हणून औषधंही वेगळी. पण जुन्या रेकॉर्डचा नाद लागलेला माणूस सुरुवातीला या तिघांना एकच दुखणं समजतो आणि दुकानदार जी पेटी दाखवेल ती उचलून घरी आणतो.

मीही आणली होती. काळी, जड, पुढे अॅल्युमिनियमची पट्टी आणि निळे दिवे असलेली पॉवर कंडिशनरची पेटी. किंमत जवळपास टर्नटेबलएवढी. वीज ‘शुद्ध’ झाली की आवाजावरची धूळ उडून जाईल, असं मला सांगण्यात आलं होतं. मोठ्या उत्साहानं ती जोडली, आवडती एलपी लावली आणि तिसऱ्या मिनिटाला नेहमीच्या जागी नेहमीची टिक आली. दोन महिन्यांनी तीच तबकडी डिस्टिल्ड पाण्यानं धुतली आणि टिक गेली. पाण्याची बाटली पन्नास रुपयांच्या आतली होती.

असं का झालं, हे कळायला तबकडीची खाच समजून घ्यावी लागते. ३३ फेऱ्यांची एलपी अमेरिकेत कोलंबियानं १९४८ साली आणली. तिच्या एका बाजूवर खाच एकच असते, सलग, बाहेरून आत वळत जाणारी. २२ मिनिटांच्या बाजूत ती ७३० हून अधिक वेटोळी घेते. उलगडून सरळ केली तर पावणेपाचशे मीटर भरेल. रुंदी मात्र मिलिमीटरच्या वीसाव्या भागाच्या आसपास, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. त्या खाचेच्या दोन भिंतींवर गाणं कोरलेलं असतं आणि हिऱ्याचं टोक त्या भिंतींना घासत जातं. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉन. बाजू संपत येते तेव्हा सुईखालची खाच सेकंदाला जेमतेम २१ सेंटिमीटर सरकत असते. त्या जागी १०,००० हर्ट्झचा सूर, म्हणजे झांजेच्या किणकिणीचा वरचा भाग, खाचेत फक्त २१ मायक्रॉन जागा घेतो. घरातल्या धुळीचा साधा कण एवढाच असतो, कधी याहून मोठा. म्हणजे सुईच्या लेखी तो कण हा एक सूरच असतो, कुणी न गायलेला. ती तो इमानानं वाजवते.

दुसरी गोष्ट दाबाची. सुईवरचं वजन दीड-दोन ग्रॅम, ऐकायला किरकोळ. पण हे वजन ज्या दोन ठिपक्यांवर तोललेलं असतं ते इतके चिमुकले की हिशेब केला तर दाब चौरस सेंटिमीटरला काही टनांवर जातो. मधे धुळीचा कण आला तर तो बाजूला होत नाही. हिरा त्याला मऊ व्हिनाइलमध्ये दाबून बसवतो. मग तो कण पुढे निघाला तरी त्याचा खड्डा राहतो आणि टिक कायमची होते. म्हणून रेकॉर्ड वाजवल्यावर नव्हे, वाजवण्याआधी स्वच्छ करायची असते. उलट्या क्रमानं करणारे बरेच असतात.

धूळ का चिकटते, याचं उत्तर हवामानात आहे. व्हिनाइल घर्षणानं फार पटकन भारित होतं. कागदी पाकिटातून तबकडी सर्रकन ओढली की तिच्यावर स्थिर वीज साठते आणि खोलीतली धूळ लोहचुंबकाकडे कीस धावावा तशी धावते. पुण्या-नाशकाच्या कोरड्या थंडीत डिसेंबर-जानेवारीत हा त्रास सर्वांत जास्त. तबकडी मॅटवरून उचलताना बारीक चटचट ऐकू येते. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही वीज टिकत नाही, पण तेव्हा दुसरा पाहुणा येतो, बुरशी. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये कपाट बंद राहिलं की कव्हरांना तो ओळखीचा कुबट वास येतो आणि तबकडीवर पांढुरके ठिपके दिसू लागतात. ही बुरशी कोरड्या ब्रशनं झाडली तर तिचे कण नुसते पसरतात. तिला ओलीच धुवावी लागते, आणि जुनं कागदी आतलं पाकीट फेकून नवं घालावं लागतं. नाहीतर धुतलेला माणूस मळक्या अंथरुणात झोपवल्यासारखं होतं.

रोजच्या वापराला कार्बन फायबरचा ब्रश पुरतो. त्याचे केस वीजवाहक असतात, त्यामुळे धूळ उचलताना थोडी स्थिर वीजही ते हाताकडे उतरवतात. ब्रश फिरत्या तबकडीवर हलकेच टेकवायचा, दोन फेऱ्या तसाच धरायचा आणि मग हळूहळू काठाकडे सरकवत बाहेर काढायचा. दाबायचा नाही. हा ब्रश वरवरची धूळ काढतो, बोटांचे तेलकट डाग आणि खाचेच्या तळाशी बसलेला जुना मळ त्याला हलत नाही. इंग्लंडमध्ये सेसिल वॉट्स यांनी १९५०च्या दशकात ‘डस्ट बग’ नावाचं एक झकास उपकरण काढलं होतं. टर्नटेबलच्या कोपऱ्यावर बसवलेला छोटा हात, त्याला ब्रश आणि मखमली गुंडाळी. गाणं चालू असताना सुईच्या पुढेपुढे हा झाडूवाला चालायचा. कल्पना गोड होती.

आता धुण्याबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे.

पहिलं पाणी. नळाच्या पाण्यात क्षार असतात. ते वाळले की खाचेत पांढरी पुटं राहतात, आपल्या गीझरमध्ये साचतात तीच. बोअरवेलचं पाणी तर विचारायलाच नको. आरओचं पाणीही चालत नाही, कारण त्यातले सगळे क्षार गेलेले नसतात. डिस्टिल्ड पाणीच हवं. बॅटरीत टाकतात ते चालतं, पण विकत घेताना ‘बॅटरीचं पाणी’ असं स्पष्ट म्हणा. नुसतं ‘बॅटरीचं द्या’ म्हटलं आणि हाती आम्लाची बाटली आली तर तबकडीही गेली आणि हातही.

नुसत्या पाण्यानं मात्र भागत नाही. पाण्याचा पृष्ठताण जास्त असतो. ते अळूच्या पानावरच्या थेंबासारखं खाचेवर गोळा होऊन बसतं, आत उतरत नाही. आत उतरवायला एक-दोन थेंब ओलावा पसरवणारं द्रव्य लागतं. फोटोग्राफीच्या डार्करूममध्ये फिल्म वाळवताना डाग पडू नयेत म्हणून कोडॅकचं फोटो-फ्लो वापरायचे, ते याच कामाचं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये शुद्ध पाण्यात टर्गिटॉल नावाचं असंच द्रव्य घालून तबकड्या धुतात. भांडी घासायचा साबण मात्र नको. त्यातला रंग, वास आणि हात मऊ राहावेत म्हणून घातलेला ऐवज खाचेत मुक्कामाला राहतो. कोविडनंतर घरोघरी उरलेलं सॅनिटायझरही नको, कारण बहुतेकांत ग्लिसरीन असतं. ते वाळत नाही आणि नवी धूळ धरून ठेवतं.

तेलकट मळ फार असेल तर पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, दहा-पंधरा टक्के. व्हिनाइलला ते चालतं. इथे मात्र मराठी घरांसाठी एक धोक्याचा कंदील लावायला हवा. आपल्याकडे आजोबांच्या ट्रंकेतून निघतात त्यातल्या पुष्कळशा तबकड्या व्हिनाइलच्या नसतातच. त्या ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या असतात. बालगंधर्वांची नाट्यपदं, हिराबाईंच्या तीन-तीन मिनिटांच्या चिजा, या सगळ्या लाखेवर. झाडावरच्या किड्यांनी तयार केलेली लाख शुद्ध करून तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून त्या दाबून काढत. दगडाची पूड मुद्दाम असे. ती पोलादी पिनेला घासून खाचेच्या आकाराची करी आणि म्हणून दर वेळी पीन बदलावी लागे.

आता जुन्या पद्धतीनं काम करणाऱ्या सुताराला विचारा, चपडा लाख कशात विरघळवतोस? तो म्हणेल, स्पिरिटमध्ये. लाकडावरचं पॉलिश तसंच बनतं. म्हणजे ज्या अल्कोहोलनं व्हिनाइल स्वच्छ होतं त्यानं लाखेच्या तबकडीचं गाणं अक्षरशः पुसलं जातं. कापूस ओला करून एकदा फिरवला तरी काळा रंग कापसावर येतो. तो मळ नव्हे, ती तबकडी. अशा तबकड्यांना फक्त डिस्टिल्ड पाणी आणि एखादा थेंब सौम्य द्रव्य, तेही पटकन लावून पटकन पुसायचं. ओळखायची कशी? वजनानं जड, काठावर बोटाच्या नखानं टिचकी मारली तर टणक आवाज, लेबलवर ७८ किंवा काहीच आकडा नाही, आणि पडली तर कपासारखी फुटते. ही शेवटची परीक्षा घेऊ नका.

धुण्याची रीत सोपी आहे, घाईची नाही. तबकडी स्वच्छ मऊ पंचावर ठेवा, मधल्या कागदी लेबलवर एखादं प्लास्टिकचं झाकण ठेवा, कारण जुन्या लेबलांची शाई पाण्यात फुटते. मऊ, दाट केसांच्या रुंद ब्रशनं द्रव पसरवा आणि खाचेच्या दिशेनं, म्हणजे गोल गोल, हळू घासा. आडवं घासायचं नाही. दोन-तीन मिनिटं ओलं राहू द्या, म्हणजे जुना मळ फुगतो. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा विसळा. विसळणं टाळलं तर आधीचा सगळा खटाटोप वाया जातो, कारण सुटलेला मळ आणि द्रव्य खाचेतच वाळतं. नंतर मायक्रोफायबरनं टिपा आणि स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या ताटाळ्यात ताटांसारखी उभी करून ठेवा. पंख्याखाली नको, पंखा धूळ आणतो. एका तबकडीला दहा-बारा मिनिटं जातात. रविवारी सकाळी चहा घेता घेता चार होतात, हा माझा अनुभव. पाचवीला कंटाळा येतो आणि कंटाळ्यात हातून ओरखडा जातो.

ज्यांच्याकडे शेकड्यांनी रेकॉर्ड आहेत त्यांच्यासाठी यंत्रं आहेत. इंग्लंडमध्ये ‘ग्रामोफोन’ मासिकाचे एकेकाळचे तांत्रिक संपादक पर्सी विल्सन यांनी ओल्या धुलाईनंतर पाणी शोषून घेणारं यंत्र रचलं आणि कीथ मंक्स यांनी ते विकायला काढलं. त्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. शोषणाऱ्या नळीचं टोक तबकडीला टेकू नये म्हणून मधे एक दोरा ठेवला आहे आणि तो सतत पुढे सरकतो, म्हणजे दर वेळी स्वच्छ दोराच खाचेला लागतो. पाणी वाळण्याआधीच ते मळासकट ओढून काढायचं, हे या सगळ्या यंत्रांचं तत्त्व. पुसण्यात मळ इकडचा तिकडे होतो, ओढण्यात तो घराबाहेर जातो. हल्ली अल्ट्रासोनिक टाक्याही वापरतात. सराफाकडे दागिने धुवायला असते तीच कल्पना, सेकंदाला चाळीस हजार कंपनं, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि खाचेतला मळ सोडवतात. फक्त पाणी तापतं हे लक्षात ठेवायचं. चाळीस अंशांच्या पुढे गेलं की व्हिनाइल वाकण्याचा धोका सुरू होतो.

आणि हो, लाकडाच्या गोंदाचा उपाय. पांढरा गोंद तबकडीवर ओतायचा, वाळला की साय काढावी तसा सोलायचा, मळ त्याला चिकटून येतो. व्हिनाइलवर तो खरंच काम करतो. पण सोलताना तुकडा खाचेत राहिला किंवा गोंद अर्धवट वाळला तर ती तबकडी पुन्हा सुधारत नाही. दुसरी प्रत हाताशी असेल तरच करावा असा हा प्रयोग आहे. लाखेच्या तबकडीवर तर नावही काढू नये.

पाण्याइतकंच महत्त्वाचं आणि त्याहून जास्त दुर्लक्षित म्हणजे सुईचं टोक. भिंगातून पाहिलं तर त्यावर राखाडी लोकरीचा गोळा दिसतो. अशा सुईनं नवी कोरी रेकॉर्ड लावली तरी आवाज तोंडात पान ठेवून बोलल्यासारखा येतो. बारीक ब्रश मागून पुढे फिरवायचा, म्हणजे खाच जशी धावते तसा. आडवा फिरवला तर सुईचा नाजूक दांडा वाकतो. भांड्यांच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या मेलामाइन स्पंजाचा छोटा चौकोन कापून त्यावर सुई हलकेच टेकवून उचलली तरी काम होतं. फक्त टेकवायची, ओढायची नाही.

एवढं झालं की टिकटिक आणि खरखर बहुतांशी निघून जाते. उरते ती घरघर. इथून भिंतीची गोष्ट सुरू होते.

घरघर ऐकू आली की आधी वाजवायची पेटी जवळ ओढा. आपली वीज ५० हर्ट्झची. त्या कंपनांचा सूर हार्मोनियमवर शोधला तर पांढरी पाचच्या किंचित वर, खूप खालच्या सप्तकात लागतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी. याला गंमत म्हणून सोडू नका. घरघर खोल, गोल, ५० हर्ट्झची असेल तर ती बहुधा अर्थिंगची किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरची. एक सप्तक वर, धारदार, मधमाशीसारखी असेल तर ती १०० हर्ट्झची, आणि अँप्लिफायरच्या आत वीज एकदिश करताना उरणारी. ही दुसरी सहसा म्हाताऱ्या कपॅसिटरची खूण. तिला कुठलीही पेटी लावून उपयोग नाही, मेकॅनिकच लागतो.

घरघर रेकॉर्डलाच का छळते, रेडिओला का नाही? कारण सुईतून निघणारी वीज फारच क्षीण असते. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून पाच मिलिव्होल्टच्या आसपास, महागड्या मूव्हिंग कॉइलमधून अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी. ती शंभरपट, कधी हजारपट मोठी करावी लागते. शिवाय तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम बारीक कोरतात, नाहीतर खाच शेजारच्या खाचेत घुसेल, आणि वाजवताना ते परत मोठे करतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए नियमानुसार १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झचा सूर सातपट वाढवला जातो. म्हणजे भिंतीतली घरघर ज्या सुरात गाते, नेमक्या त्याच सुराला आपण सातपट माइक देतो.

बहुतेक घरांत तिचं कारण एक बारीक तार असते. टर्नटेबलच्या मागून निघणारी, टोकाला काट्यासारखी पट्टी असलेली. ती फोनो स्टेजच्या, म्हणजे सुईची क्षीण वीज मोठी करणाऱ्या भागाच्या, ‘ग्राउंड’ लिहिलेल्या स्क्रूला घट्ट बसायला हवी. टोनआर्मच्या धातूला बोट लावल्यावर घरघर कमी-जास्त झाली तर संशय आधी या तारेवर. दुसरं, टर्नटेबल अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेला असणं. खाली ट्रान्सफॉर्मर, वर कार्ट्रिज, मधे दहा सेंटिमीटर, मग दुसरं काय होणार? सरकवा. तिसरं, टर्नटेबल एका भिंतीच्या प्लगला, अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीच्या. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या. यातल्या एकालाही पैसे पडत नाहीत.

मग येतं अर्थिंग. आपल्याकडे तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर असतो, पण मागे अर्थची तार जोडलेली असेलच असं नाही. जुन्या चाळींत आणि सोसायट्यांत ती मधेच कुठेतरी तुटलेली असते. वायरमनला मीटर लावून पाहायला सांगा. फेज आणि अर्थमधे जवळपास फेज-न्यूट्रलएवढाच व्होल्टेज दिसला पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमधे एखाद-दोन व्होल्ट. इथे कंडिशनरची गंमत आहे. त्याच्या आतला फिल्टर विजेतला कचरा अर्थमधेच टाकतो. अर्थच नसेल तर तो कचरा यंत्राच्या धातूच्या पेटीवर येऊन बसतो. कंडिशनर लावल्यावर अँप्लिफायरला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या, असं कुणी सांगितलं तर नवल मानू नका. आणि घरघर जावी म्हणून प्लगची मोठी पीन तोडणं किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणं, हा काहींचा आवडता उपाय. त्यानं घरघर जातेही. आत काही बिघाड झाला तर माणूसही जाऊ शकतो.

विजेचा आपला खरा इतिहास मात्र घरघरीचा नाही, सुराचा आहे, आणि परदेशी माहितीपत्रकांत तो सापडणार नाही. अनेक टर्नटेबलांच्या मोटरी विजेच्या कंपनांशी बांधलेल्या असतात. ५० हर्ट्झला त्या बरोबर फिरतात, कमी झालं की हळू. २००२च्या आधी पश्चिम भारताच्या ग्रिडवर संध्याकाळी मागणी वाढली की वारंवारता ४८.५ हर्ट्झपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरायची. त्या वर्षी जुलैत इथे नवी दरपद्धत आली. ग्रिडची वारंवारता पडलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर जास्त दर, आणि आकडा सावरू लागला. आता तो ४९.९ ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायचा असतो.

४८.५ म्हणजे तीन टक्के कमी. तीन टक्के म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्यानं सूर खाली. काळी एकमधे गायलेली चीज काळी एक आणि पांढरी एकच्या मधे लोंबकळायची, पेटीवर कुठल्याच पट्टीला लागायची नाही. वीस मिनिटांची बाजू सदतीस सेकंद जास्त चालायची. संध्याकाळी रेकॉर्डबरोबर पेटी वाजवणाऱ्यांनी तेव्हा दोष कुणाला दिला असेल? बहुधा पेटीला. फिरण्याचा वेग तपासायला रेघांची तबकडी मिळते, ५० हर्ट्झसाठी तिच्यावर १८० रेघा. दिव्याच्या उजेडात त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पण दिवाही त्याच विजेवर लुकलुकत असतो. मोटर हळू, दिवाही हळू, रेघा एकदम स्थिर. खोटा साक्षीदार. आणि स्टॅबिलायझर? तो व्होल्टेज सुधारतो, वारंवारतेला हात लावत नाही.

याच कारणानं न्यू जर्सीहून आलेल्या टर्नटेबलांचं काय होतं, ते ओळखीच्या एका काकांकडे पाहिलं. मुलानं अमेरिकेतून यंत्र आणलं, ११० व्होल्टसाठी खाली उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला, जोडणी चोख केली. लावलं तर गायिका गायकाच्या आवाजात गाऊ लागल्या. ६० हर्ट्झसाठी बनवलेली पुली ५० हर्ट्झवर फिरत होती. ३३ च्या ऐवजी मिनिटाला पावणेअठ्ठावीस फेरे, तीन पट्ट्या खाली सूर. काळी एकची काळी पाच. काकूंनी दोन मिनिटं ऐकून विचारलं, “हे कोण गातंय?” बरोबर मापाची पुली बसवल्यावर बाई परत बाई झाल्या. क्वार्ट्झवर चालणाऱ्या टर्नटेबलांना, उदाहरणार्थ टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ ला, या कशाचाच फरक पडत नाही. त्यांचं घड्याळ त्यांच्या पोटात असतं.

मग पॉवर कंडिशनर कशासाठी? त्या एका नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात, हाच मोठा घोळ. सर्वांत स्वस्तात झटका शोषणारे घटक, जे क्षणभराची उसळी अडवतात. त्यापुढे फिल्टर. फ्रिज चालू-बंद होताना स्पीकरमधून ‘टक्’ येत असेल किंवा स्वस्त एलईडी दिव्यामुळे झिंझिं येत असेल तर हा कामाचा. मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, जो भिंतीच्या विजेपासून यंत्राला तोडून वेगळं करतो. आणि सर्वांत महाग रीजनरेटर. तो आलेली वीज एकदिश करून तिच्यापासून नवी, सरळ ५० हर्ट्झची लहर तयार करतो. अमेरिकेच्या पीएस ऑडिओनं १९९०च्या दशकाअखेरी असं यंत्र आणलं. पॅथॉलॉजी लॅबमधला ऑनलाइन यूपीएस तत्त्वानं त्याचाच भाऊ. या चौघांत वारंवारता खरोखर दुरुस्त करतो तो रीजनरेटरच. घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र टर्नटेबल चालवू नका, मोटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही गुरगुरतात.

यातलं एकही यंत्र आवाजात नवं काही भरत नाही. चांगल्या अँप्लिफायरच्या आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, मोठे कपॅसिटर आणि रेग्युलेटर असतातच, आणि विजेला सरळ करणं हेच त्यांचं काम असतं. दुकानदार म्हणतो तसा पडदा बाजूला झाल्यासारखा आवाज ऐकू येतो का, हे पाहायचं असेल तर घरातल्या कुणालातरी तुम्हाला न सांगता पेटी लावायला आणि काढायला सांगा, दहा वेळा, आणि दर वेळी ओळखा. मी केलं. दहापैकी पाच बरोबर आले, नाणं उडवून आले असते तेवढेच.

आपल्याकडे खरी भीती वेगळी आहे, न्यूट्रल तुटण्याची. इमारतीचा न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात २३०च्या जागी जवळपास ४०० व्होल्ट येऊ शकतात, आणि ते क्षणभर नाही, मिनिटभर राहतात. उसळी शोषणारे घटक त्यात स्वतःच जळतात. इथे हवा तो व्होल्टेज फार वर-खाली गेला की वीज तोडणारा साधा कट-ऑफ किंवा तशी सोय असलेला स्टॅबिलायझर. दिसायला कुरूप, लोखंडी, निळे दिवे नसलेला.

तेव्हा पैसे खर्चायचेच असतील तर आधी पाणी, ब्रश, नवी पाकिटं आणि सुई. मग वायरमन. मग कट-ऑफ. एवढं करून फ्रिजची टक् राहिलीच तर फिल्टर. माझी निळ्या दिव्यांची पेटी सध्या टीव्हीला आहे. आणि वळवाचं आभाळ भरून आलं, लांबून गडगडायला लागलं, की पेटी कितीही महाग असो, प्लग भिंतीतून काढून ठेवा. अँटेना आणि केबल टीव्हीची तार जोडलेली असेल तर तीही.